कावजीचे नाक आणि कुंभाराचे पंचवीस दिवस

१७९४ च्या जानेवारीत जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने एका बैलवाल्याचे चित्र काढले. वेल्स आपल्याला माहीत आहे तो दरबारी चित्रांमुळे. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे अशी बडी मंडळी त्याने रंगवली. पुण्यात चित्रकलेची शाळा निघाली त्यातही त्याचा हात होता आणि गंगाराम तांबटासारखा कलावंत तिथे शिकला. अशा चेहऱ्यांच्या पंगतीत बैलवाल्याला पाट मिळाला तो त्याच्या नाकामुळे. ते नाक दहा महिन्यांपूर्वी त्याच्याच कपाळाच्या कातडीतून तयार झाले होते. तयार करणारा माणूस डॉक्टर नव्हता आणि पोथी वाचलेला वैद्यही नव्हता. तो पुण्याजवळचा, विटा पाडणाऱ्या जातीतला कुंभार होता.

बैलवाल्याचे नाव इंग्रजी कागदांत ‘कावसजी’ असे लागले आहे. ऐकायला ते पारशी वाटते, पण तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे त्याच कागदात स्पष्ट लिहिले आहे. गावाकडे त्याला कावजी म्हणत असावेत असा माझा अंदाज, आणि मी इथे तेच नाव वापरतो.

टिपूविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या लढाईत इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला होते. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेचा सगळा जीव बैलांवर होता. तोफा ओढायला बैल, दारूगोळ्याला बैल, तांदूळ आणायला बैल. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोहोचूनही त्याला मागे फिरावे लागले, कारण बैल मेले आणि धान्य संपले. किल्ला फोडायच्या मोठ्या तोफा ओढून नेणे शक्य नव्हते, म्हणून त्याने त्या स्वतःच निकामी करून टाकल्या. माघारीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भरल्या बाजारासह भेटली, तेव्हा कुठे त्याच्या शिपायांच्या पोटात अन्न गेले. अशा लढाईत तोफेमागच्या गोलंदाजाइतकाच बैल हाकणारा माणूसही शत्रूच्या डोळ्यांत खुपणार. कावजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले, एक हात कापला आणि सोडून दिले. मारून टाकण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होता, कारण असा माणूस छावणीत परत गेला की त्याला पाहून दुसरे बैलवाले रात्रीत पळ काढणार.

कावजी परतला, मुंबईच्या फौजेत मिळाला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला निवृत्तिवेतन लावून दिले. सुमारे बारा महिने तो नाकाविना वावरला. आपल्याकडे नाक कापणे ही शिक्षाही होती आणि बदनामीही. व्यभिचारासाठी नाक कापत, चोरीसाठी कापत, सूड म्हणूनही कापत. तलवारीचा वार मिरवता येतो, कापलेले नाक मिरवता येत नाही. लढाईत गेले की शिक्षेत, हे समोरच्याला कळणार कसे? म्हणूनच नाक परत मिळवण्याची विद्या या देशात टिकली. तिला गिऱ्हाईक कायम होते.

त्या काळी पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील होता. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी, टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले यांनी, प्रत्यक्ष पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एका पत्रातून छापून आले. पत्राखाली फक्त बी. एल. एवढी आद्याक्षरे आहेत. सोबत वेल्सच्या चित्रावरून कोरलेली प्रतिमा होती. जगभरच्या शस्त्रवैद्यांनी ज्या चेहऱ्यावरून धडा घेतला तो चेहरा एका मराठी बैलवाल्याचा. मात्र कुंभाराचे नाव त्या पत्रात नाही.

पत्र छोटे आहे, पण कामाचे आहे. कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा घेतला आणि तो नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून चांगले दिसेल असे नाक घडवले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. मेणाचे काम तिथे संपले. रेघेच्या आतली कातडी त्याने सोलून उचलली, पण पूर्ण तोडली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच ठेवली. नाकाच्या खुंटावरचा जुना वण खरवडून ताजा केला. नाकपुड्यांच्या भोवताली आणि वरच्या ओठाच्या दिशेने एक चीर घेतली. कपाळाची कातडी खाली आणली, अर्धा पीळ देऊन फिरवली आणि तिची कड त्या चिरेत बसवली.

भूल म्हणावी असे काही त्या काळी नव्हतेच. इथरची भूल जगापुढे आली १८४६ मध्ये. लिस्टरचे जंतुनाशक कार्बोलिक आले १८६७ मध्ये. पेनिसिलिनला अजून दीडशे वर्षे होती. जखम जंतूंमुळे सडते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांत तेव्हा शस्त्रक्रियेनंतर जखम सडून माणूस दगावणे ही नित्याची गोष्ट होती. तरीही पत्रकर्ता लिहितो की पुण्याकडची ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा यशस्वी होते, नवे नाक घट्ट बसते, जवळपास मूळच्यासारखे दिसते आणि कपाळावरचा वण काळाने फारसा डोळ्यांत भरत नाही.

हे कसे जमत होते? बहुतेक लेखक इथे कुंभाराच्या हातांकडे वळतात. मातीला आकार देणारे हात, मग नाकाला आकार देणे त्यांना काय अवघड, असे एक सुटसुटीत उत्तर दिले जाते. मला ते पटत नाही. मेणाच्या पत्र्यावरून माप घेणे कुठलाही सोनार किंवा शिंपी करू शकला असता. अवघड गोष्ट आहे ती कापलेली कातडी जिवंत ठेवण्याची, आणि ते काम चाकू खाली ठेवल्यानंतर सुरू होते. त्या पत्रातल्या कृतीच्या वर्णनात जवळपास अर्धी वाक्ये शस्त्रक्रियेविषयी आहेत आणि उरलेली अर्धी पुढच्या पंचवीस दिवसांविषयी. जाणकाराने ही दुसरी अर्धी सावकाश वाचावीत.

काथ पाण्यात कालवून कुंभाराने कापडाच्या पट्ट्यांवर फासला. पानाच्या डब्यात असतो तोच काथ, खैराच्या लाकडाचा. अशा पाच-सहा पट्ट्या त्याने सांध्यावर एकावर एक ठेवल्या. टाके घातल्याचा उल्लेख पत्रात नाही. वाळला की काथ घट्ट होतो, पट्ट्या चिकटून राहतात आणि कडा हलत नाहीत. खैराच्या काथात टॅनिन भरपूर असते. ते ऊती आवळते आणि झिरपणारे रक्त थांबवायला मदत करते. पुढचे चार दिवस या काथाखेरीज दुसरे काही लावले नाही. जखम उघडून पाहण्याचा मोह आजही नातेवाइकांना आवरत नाही आणि डॉक्टर त्यासाठी रागावतात. कुंभार चार दिवस थांबला. दोन कातड्यांमध्ये रक्ताच्या नव्या बारीक वाहिन्या धरू लागतात त्या याच दिवसांत, आणि त्या वेळी कडा हलली की सगळे मुसळ केरात.

चार दिवसांनी पट्ट्या निघाल्या आणि तुपात भिजवलेली फडकी आली. यातली युक्ती ज्याने एकदा तरी वाळलेल्या जखमेवरून कापूस ओढला आहे त्याला सांगायला नको. कोरडे कापड जखमेला चिकटते आणि काढताना नवी कोवळी त्वचा सोबत घेऊन येते. तुपाचे कापड सहज सुटते.

पहिले पाच-सहा दिवस रोग्याला उताणे झोपवून ठेवायचे. कुशीवर वळला तर नव्या नाकावर दाब येणार, मान वाकवली तर कपाळाकडून आलेली पट्टी ताणली जाणार. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या उघड्या राहतील. हा दहावा दिवसही विचार करण्याजोगा आहे. जखम भरते तेव्हा ती आकसते, हा शरीराचा स्वभाव. आतून आधार नसेल तर नाकपुडी हळूहळू मिटते. दिसायला नाक आहे, श्वास घेता येत नाही, अशी गत होते. ही गुंतागुंत पहिल्या दिवशी दिसत नाही, आठवड्याने दिसू लागते. ती दिसण्याआधी बोळे घालायचे हे ज्याला माहीत होते त्याने, किंवा त्याच्या बापाने, मिटलेल्या नाकपुड्या पाहिलेल्या असणार.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली पट्टी कापायची आणि थोडी आणखी काटछाट करून नाक नीट करायचे. तोवर नवे नाक कपाळाच्याच रक्तावर जगत होते. भुवईच्या आतल्या टोकाशी डोळ्याच्या खोबणीतून वर कपाळाकडे जाणारी एक धमनी आहे. तिच्यावरच त्या पट्टीचा सगळा भरवसा. कुंभाराला तिचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पट्टी अरुंद केली तर नाक काळे पडते, पीळ जास्त दिला तर ते निळे होऊन फुगते, आणि तीन आठवड्यांच्या आत तोडली तर खालून नवे रक्त पुरेसे आलेले नसते, हे मात्र त्याला अनुभवाने ठाऊक असावे. आजही कपाळाच्या कातडीचे नाक करताना पट्टी तोडायला तीन ते चार आठवडे थांबतात. सव्वादोनशे वर्षांत हा आकडा जवळजवळ हललेला नाही.

नाकाचा विषय निघाला की सुश्रुत येणारच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कान आणि नाक जोडण्याची कृती आहे. तिथे माप झाडाच्या पानाने घ्यायचे आणि कातडी गालाची घ्यायची. नाकपुड्यांसाठी दोन नळ्या बसवायच्या, वर पतंग, ज्येष्ठमध आणि अंजनाचे चूर्ण भुरभुरायचे, पांढऱ्या कापसाने झाकायचे, त्यावर तिळाचे तेल शिंपडत राहायचे आणि रोग्याला तूप पाजायचे. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची काळजी तिथेही आहे, आणि तपशिलाने आहे. गालाची कातडी कपाळावर केव्हा गेली, कुणी नेली, याचा धागा कुठल्याच ग्रंथात सापडत नाही. तो बदल ग्रंथाबाहेरच्या माणसांनी केला. पोथी एका घरात राहिली आणि चाकू दुसऱ्या घरात गेला. पुण्याकडे तो कुंभाराच्या घरी होता आणि हिमाचलातल्या कांगड्यात काही घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. आपल्या सभागृहांतल्या फलकांवर सुश्रुताला प्लास्टिक सर्जरीचा जनक म्हणतात, ते ठीकच आहे. पण त्याच फलकावर पुण्याच्या कुंभाराला एक ओळही मिळत नाही, हे मला खटकते. युरोपने जे उचलले ते कुंभाराचे होते.

युरोपात नाक जोडणे अगदीच अपरिचित नव्हते. बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७ साली त्यावर ग्रंथ लिहिला होता. त्याची रीत दंडाच्या कातडीची होती. रोग्याचा हात डोक्याला बांधून सुमारे तीन आठवडे तसाच ठेवायचा. हे सहन करणारे रोगी थोडे आणि करणारे वैद्य त्याहून थोडे, त्यामुळे ही विद्या तिथे जवळपास विसरली गेली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने पुण्याची हकिकत वाचली आणि त्याला ती सोडवेना. प्रेतांवर तो हात बसवत राहिला. मॅलेट तोवर इंग्लंडला परतला होता. चित्रकार वेल्सची मुलगी सुझाना त्याची बायको झाली होती. कार्प्यूने त्याला विचारले तेव्हा मॅलेटने सांगितले की हिंदुस्थानात ही शस्त्रक्रिया फार जुनी आहे, ती कुंभार किंवा वीटकाम करणारेच करतात आणि ती नेहमी नसली तरी बहुधा सफल होते.

२३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सीच्या यॉर्क रुग्णालयात कार्प्यूने पहिले नाक केले. रोगी लष्करी अधिकारी होता. यकृताच्या दुखण्यावर दिलेल्या पाऱ्याने त्याचे नाक गेले होते. तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि जागेवर खरोखर नाक आहे हे पाहून जमलेले अधिकारी थक्क झाले. दुसरा रोगी कॅप्टन लेथम. १८११ साली स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत पलटणीचे निशाण वाचवताना त्याचे नाक तलवारीने गेले आणि सोबत एक हातही गेला. कावजीचे नाक आणि हात, लेथमचे नाक आणि हात, हा योगायोग कुणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला हसलो असतो. १८१६ मध्ये कार्प्यूचे पुस्तक निघाले. १८१८ मध्ये बर्लिनचा शस्त्रवैद्य ग्रेफे याचे ‘रिनोप्लास्टिक’ आले. कपाळाच्या कातडीची रीत ‘इंडियन मेथड’ म्हणून रूढ झाली आणि आजही तेच नाव आहे.

मुंबई इलाख्याच्या छायेतल्या काठेवाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत पुन्हा मोठ्या प्रमाणावर वापरावी लागली. कादू मकराणी नावाचा बहारवटिया, म्हणजे बंडखोर लुटारू, आणि त्याचे साथीदार लोकांची नाके कापत सुटले होते. जुनागढचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा ती नाके परत करत होते. १८८९ मध्ये त्यांनी शंभर शस्त्रक्रियांचे वर्णन पुस्तकरूपाने छापले. एकाने कापायचे आणि दुसऱ्याने जोडायचे, अशी म्हण तिकडे पडली.

पहिल्या महायुद्धात खंदकांमधून येणारे फाटलेले चेहरे शिवताना हॅरॉल्ड गिलीज यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी केली. त्यांच्या हाताखाली शिकलेले एक तरुण पारशी डॉक्टर, नोशिर अंतिया, पन्नासच्या दशकात परतले आणि पुण्यातच कामाला लागले. जहांगीर नर्सिंग होममध्ये बसणाऱ्या या सर्जनला कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात खरे काम दिसले. नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि कुष्ठरुग्णांना सर्वसाधारण रुग्णालयाचे दार उघडून दिले. विसाव्या शतकाच्या मध्यात ही साधी गोष्ट नव्हती.

कुष्ठरोगातले नाक कावजीच्या नाकापेक्षा वेगळे असते. बाहेरची कातडी बहुतेक शाबूत असते. आतले अस्तर आणि पडदा झिजतो आणि नाक आत बसते. अशा नाकासाठी कपाळ सोलण्याचे कारण नसते. वरच्या ओठाच्या आतून वाट काढायची, आकसलेली कातडी मोकळी करायची आणि साच्यावर गुंडाळलेले त्वचेचे पातळ अस्तर आत बसवायचे, ही गिलीज यांची युक्ती. अंतियांनी ती इथल्या रुग्णांवर वापरली. पण अस्तर धरले की काम झाले असे होत नाही. नवे अस्तर महिनोन्‌महिने आकसत राहते, म्हणून आधार आतच ठेवावा लागतो, तो काढून धुवावा लागतो आणि पुन्हा बसवावा लागतो. हे रोग्याने घरी करायचे असते, आणि ज्याची बोटे बधिर आणि वाकडी आहेत त्याने करायचे असते. कंटाळून आधार काढून ठेवला की नाक परत बसते. दहाव्या दिवशीच्या मऊ बोळ्यांचाच हा दीर्घ अवतार, फक्त मुदत दिवसांऐवजी महिन्यांची.

चाकूचे काम थोडे असते आणि त्याच्या पुढेमागे असते ते खूप, हे अंतियांना फार लवकर पटले. पुढे त्यांनी अलिबागजवळच्या मांडवा परिसरात गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बधिर चट्टा ओळखणे, गोळ्या संपल्या का ते पाहणे, पायाच्या जखमेवर नजर ठेवणे. नाक बसण्याच्या आत रोगी सापडला तर सर्जनची गरजच पडत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे एक मोठे कारण जंतुसंसर्ग. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. त्यानंतर शस्त्रक्रियेचे धाडस वाढले, आणि थोडा आळसही वाढला. इंजेक्शन आहे ना, मग फडके रोज बदलले काय नि न बदलले काय, अशी वृत्ती वॉर्डांत शिरली. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी मात्र फडक्याचा प्रश्न सोडला नाही. भाजलेल्या रोग्याचे ड्रेसिंग बदलणे हा वॉर्डातला सर्वात भयंकर तास. गॉज जखमेला चिकटते आणि ओढताना रोगी किंचाळतो. न चिकटणारी परदेशी आवरणे सरकारी रुग्णालयाला परवडत नाहीत. डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून भाजलेल्या जखमांवर वापरल्या आणि १९८५ मध्ये त्याचा अहवाल ‘बर्न्स’ या नियतकालिकात छापला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेली केळीची पाने वापरली. पान मेणचट असते, जखमेला चिकटत नाही आणि जवळजवळ फुकट मिळते. भाजल्याच्या जखमांवर आणि मांडीवरची त्वचा काढून घेतल्यावर उरणाऱ्या उघड्या जागेवर त्यांनी त्याची पद्धतशीर पाहणी केली. तुपाच्या फडक्यापासून केळीच्या पानापर्यंत प्रश्न एकच आहे: जखम झाकायची, ओली ठेवायची, आणि उघडताना दुखवायची नाही.

शीवच्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी-पाठीवरची पातळ त्वचा काढून ती ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. ही त्वचा रोग्याच्या अंगावर कायमची धरत नाही, दोन-तीन आठवड्यांनी गळते. पण तेवढ्या दिवसांत ती पाण्याचा आणि प्रथिनांचा झरा थांबवते आणि जंतूंना दार बंद करते. तोवर रोगी इतका सावरतो की त्याची स्वतःची कातडी घेता येते.

नाक आणि कातडी झाली, आता हात. मुंबईबाहेरच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात प्लास्टिक सर्जनची गरज पडते ती बहुतेक हातासाठी. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत पॉवर प्रेस आहेत, रसायनांच्या भट्ट्या आहेत. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याण लष्करी छावणीचा तळ. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले, १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, आणि त्याच बराकींच्या खोल्यांतून छोटे छोटे कारखाने निघाले. जिथे माणूस झोपतो तिथेच यंत्र चालते. प्रेसखाली बोटे जातात, पट्ट्यात मनगट सापडते. कावजीच्या हातासाठी १७९३ मध्ये कुणीच काही करू शकले नाही. पत्रातही त्याचा उल्लेख एका वाक्यात येऊन संपतो. मनगटाजवळ तुटलेला हात परत जोडणे जगात पहिल्यांदा नीट जमले १९६३ मध्ये शांघायला, चेन झोंगवेई यांना, आणि तेही एका कारखान्यातल्या कामगाराचा हात होता.

हात जोडायचा असेल तर घड्याळ लगेच चालू होते. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड बांधायचे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. लोक घाबरून तो थेट बर्फावर ठेवतात आणि ऊती गोठून मरतात. दुसरे काही लोक दुधात किंवा डेटॉलमध्ये बुडवतात, त्यानेही नुकसानच होते. मनगटापासून तुटलेल्या हातासारखा स्नायू असलेला भाग थंड न ठेवता सहा तासांपलीकडे गेला तर जोडण्यात अर्थ उरत नाही. अंबरनाथ स्टेशन ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने ६० किलोमीटर, बदलापूर ६८. अपघात दुपारी झाला आणि आधी जवळच्या दवाखान्यात, मग कल्याणला, मग ठाण्याला, अशी वरात निघाली की निम्मे तास वाटेतच जातात.

जोडणी सूक्ष्मदर्शकाखाली होते. मिलिमीटरभराच्या रक्तवाहिन्यांना केसाहून बारीक धाग्याचे टाके पडतात, आणि तीत आठ-दहा तास सहज जातात. त्यानंतर वॉर्डातली परिचारिका पहिले दोन-तीन दिवस तासातासाला बोटांचा रंग पाहते. बोट पांढरे आणि थंड पडले तर धमनी अडली. निळे-जांभळे होऊन फुगले तर नीला अडली. कुंभाराने नव्या नाकाचे जे रंग पाहिले असतील तेच हे रंग. नीला अडली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करणे शक्य नसले तर जळू लावतात. तिच्या लाळेतले हिरुडिन रक्त गोठू देत नाही, साचलेले रक्त झिरपत राहते आणि तोवर शरीर नव्या नीला तयार करते. १९८५ साली बॉस्टनमध्ये एका लहान मुलाचा जोडलेला कान असाच जळवांनी वाचवला, आणि सूक्ष्म शस्त्रक्रिया करणाऱ्यांना जळू पुन्हा आठवली. सुश्रुतसंहितेत जळवांवर एक आख्खा अध्याय आहे, तेराव्या क्रमांकाचा, त्यांचे प्रकार, त्या पकडायच्या कशा आणि लावायच्या कशा हे सांगणारा. जळवेच्या पोटातले जंतू जखमेत जाऊ शकतात, म्हणून आज सोबत अँटिबायोटिक देतात, हा मात्र नवा भाग.

तंबाखू बंद. विडी बंद, मावाही बंद, कारण निकोटिनने बारीक वाहिन्या आवळतात आणि जोडलेले बोट त्यामुळे जाऊ शकते. प्रेसवरच्या कामगाराला हे सांगणे सोपे आणि पाळायला लावणे अवघड. टाके निघाल्यावर लोकांना वाटते की संपले. खरे तर त्यानंतर स्नायूंचे बंध आजूबाजूच्या ऊतींना चिकटू लागतात, सांधे आखडतात, आणि हात दिसतो पण मूठ वळत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधाराची पट्टी बांधून ठरावीक कोनात ठेवलेली बोटे, मग दिवसातून अनेक वेळा थोडी थोडी हालचाल, आणि आठवड्यातून दोनदा-तीनदा फिजिओथेरपिस्टकडे फेरी, असे सहा महिने ते वर्षभर. तुटलेला मज्जातंतू रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत स्पर्श परत यायला म्हणून महिने लागतात, आणि तोवर गरम चहाच्या कपाने बोट भाजले तरी कळत नाही. कंत्राटी कामगाराला प्रत्येक फेरीला एक खाडा पडतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर अनेक जण यायचे थांबतात.